चुना लावणारे अण्णा

पडकी भिंत दिसली की चारचौघांना दोनच गोष्टी सुचतात: पाडून टाका, नाहीतर नीट बांधून काढा. तिसरी गोष्ट सुचणारी माणसं थोडी, आणि त्यातली बरीचशी सरकारी पगारावर असतात. त्यांचं म्हणणं असं, की ही भिंत जेवढी पडली आहे तेवढीच पडलेली राहायला हवी. एक चिरा जास्त नाही की कमी नाही. भिंतीनं किती पडावं याला मर्यादा असते आणि ती सांभाळायला माणूस नेमावा लागतो, हे मला लग्न होईपर्यंत ठाऊक नव्हतं. लग्नानंतर हिचे मामा भेटले.

सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मूळचे कुडाळकडचे, पुरातत्त्व खात्यात संवर्धन सहायक होते, आता निवृत्त होऊन फोंड्याला असतात. नोकरीची बहुतेक वर्षं जुन्या गोव्यात गेली, तीही मोंते सांतो टेकडीवरच्या सेंट ऑगस्टीनच्या मठात. पर्यटकांच्या कॅमेऱ्यात हमखास सापडणारा तो एकांडा, अर्धा कापल्यासारखा मनोरा आहे ना, तो या मठाच्या चर्चचा. अण्णा त्याला नुसतं ‘आमचा’ म्हणतात. नवीन माणसाला वाटतं, मुलाविषयी बोलताहेत. ‘आमच्याला यंदा पाऊस बाधला’ असं ऐकून मीसुद्धा पहिल्यांदा डॉक्टरांचं विचारलं होतं.

अण्णा कुणाच्याही घरी गेले की यजमानाकडे बघत नाहीत. आधी छताकडे बघतात, मग भिंत आणि छत जिथं मिळतात त्या कोपऱ्याकडे, आणि चपला काढता काढता निदान करतात, ‘पाणी वरून येतंय.’ हे त्यांचं वेदवाक्य आहे. इमारत पायातून खचते, भूकंपानं हलते, शत्रू पाडतो, हे सगळं त्यांना मान्य आहे. पण खरी इमारत मरते ती माथ्यावरून. छप्पर गेलं की भिंतीचा माथा उघडा पडतो, सांध्यांतून पाणी आत उतरतं, चुना धुऊन नेतं, पाखरं वर बसून पिंपळाचं बी टाकतात आणि मग उरलेलं काम पिंपळ निवांतपणे करतो. गोव्यात वर्षाला सुमारे १२० इंच पाऊस, तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. पिंपळाला आणखी काय हवं?

सुरुवातीची काही वर्षं अण्णा वसईच्या किल्ल्यात होते. तिथंही फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट अशा सगळ्या पंथांचे पडके मठ आणि चर्चं आहेत. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई घेतली, हा विषय निघाला की मराठी माणूस खुर्चीतल्या खुर्चीत सरसावून बसतो. अण्णा विचारतात, ‘घेतली ती चांगलंच झालं. पण पुढं माथ्यांना चुना कुणी केला का?’ यावर अजून कुठल्याही इतिहासप्रेमी माणसाला उत्तर सुचलेलं मी पाहिलेलं नाही.

मठाचा इतिहास अण्णा सांगतात तो घराण्यातली आजारपणं सांगावीत तसा. ऑगस्टिनियन साधू १५७२ साली गोव्यात आले. १६०२ पर्यंत टेकडीवर चर्च उभं राहिलं. इथवर अण्णा भराभर येतात, कारण त्या काळात सगळं धडधाकट होतं आणि धडधाकट गोष्टींत त्यांना रस नाही. मग आवाज खाली येतो. १८३५ साली पोर्तुगीज सरकारनं धर्मपंथांचे मठ बंद केले, साधू निघून गेले. ‘सात वर्षं! माणूस निघून गेल्यावर फक्त सात वर्षं तग धरली बिचाऱ्यानं. बेचाळीस साली कमान बसली.’ बेचाळीस म्हणजे १८४२. भारत छोडोचा आणि अण्णांचा काही संबंध नाही. कमान बसली म्हणजे चर्चचं घुमटाकार छत खाली आलं. पुढं १९३१ साली दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचं अर्धं अंग गेलं, त्यानंतर काही वर्षांत आणखी थोडं. ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचं उरलेलं अर्धं अंग अण्णांच्या वाट्याला आलं. ‘एकतीस साली गेला तो भाग मी पाहिलाच नाही,’ असं ते हळहळून सांगतात, तेव्हा न पाहिलेल्या आजोबांविषयी बोलावं तसे त्यांचे डोळे होतात.

त्या मनोऱ्यातली घंटा आधी आग्वादच्या दीपस्तंभावर गेली आणि १८७१ साली पणजीच्या चर्चमध्ये बसवली गेली. तीच ती, पायऱ्यांपायऱ्यांच्या पांढऱ्याशुभ्र चर्चची. पणजीत अण्णांबरोबर बाजारहाट करताना ती वाजली, तर भर रस्त्यात थांबावं लागतं. अण्णा हात वर करून ऐकतात आणि भाजीवालीला सांगतात, ‘आमची आहे ती. तात्पुरती दिली आहे.’

आता चुन्याविषयी. अण्णांच्या तोंडी चुन्याचा विषय निघाला की मामी स्वयंपाकघरात जातात आणि कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत बाहेर येत नाहीत. कळीचा चुना खड्ड्यात विरवायचा, तो फसफसून, तापून शांत झाला की पाण्याखाली तसाच मुरत ठेवायचा. जेवढा जुना तेवढा गुणी. मग वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालून घाणीत मळायचा. वर गुळाचं पाणी, बेलफळाचा चिकट गर, हिरड्याचं पाणी, कुठं उडदाचं पीठ. एखाद्या सुगरणीनं मोदकाच्या उकडीकडे बघावं तसे अण्णा त्या लगद्याकडे बघतात. चिमटीत धरून ताणतात, नाकाशी नेतात, आणि आजूबाजूला साहेब कुणी नसेल तर जिभेवरही ठेवतात. ‘गूळ कमी आहे,’ असं त्यांनी सांगितलं की गवंडी निमूट गूळ वाढवतात. गवंड्यांना ते पटतं. पटत नाही ते हिशेब तपासणाऱ्यांना. एकदा एका लेखापरीक्षकानं विचारलं होतं म्हणे, की मठाच्या दुरुस्तीच्या खर्चात गूळ दिसतो आहे, तर हा कुठल्या समारंभाला वाटला? अण्णांनी लेखी उत्तर दिलं, ‘समारंभ नाही. भिंतीला घातला.’ त्यावर आणखी खुलासा मागवण्यात आला.

मामींचं दुःख वेगळं आहे. त्या मालवणीतच बोलतात. ‘भिताडांक गूळ घालतत, नि मी खिरीक गूळ मागलंय तर म्हणतत, तीन कोटेशनां हाड!’

सिमेंट हा शब्द अण्णांसमोर उच्चारायचा नाही. गोव्याकोकणातल्या भिंती जांभ्याच्या. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो, पण अंगभर छिद्रं. तो पाणी पितो आणि ऊन पडलं की सोडतो. चुनाही तसाच, पाणी अडवून धरत नाही, आणि दगडापेक्षा नरम राहतो. झिजायचंच झालं तर सांध्यातला चुना झिजतो, दगड वाचतो. चुना काय, पुन्हा भरता येतो. सिमेंट घट्ट आणि बंद. त्यानं सांधे भरले की पाणी आत कोंडतं, बाहेर पडायला फक्त दगडाची वाट उरते, क्षार दगडाच्या तोंडाशी येऊन साठतात आणि दगड भुगा होऊन गळायला लागतो. काही वर्षांनी बघावं तर सांध्यांची जाळी जशीच्या तशी उभी आणि मधले दगड पोखरलेले. हे मी एका पडक्या भिंतीवर स्वतः पाहिलं आणि त्या दिवसापासून अण्णांच्या या एका वेडाला वेड म्हणणं सोडून दिलं.

ठेकेदारांना मात्र हे सांगून उपयोग नसतो. चुना घट्ट व्हायला महिनोन्‌महिने घेतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू ओढून तो परत दगड होत असतो; आणि ठेकेदाराचं बिल मार्चअखेर असतं. एकदा एका ठेकेदारानं हळूच सुचवलं, ‘साहेब, जरा चिमूटभर सिमेंट टाकू या, लवकर सेट होईल.’ अण्णा काही बोलले नाहीत. त्यांनी डबा बंद केला, जेवणाचा, आणि त्या दिवशी उपाशी राहिले. ठेकेदार घाबरून संध्याकाळी घरी आला, मामींना म्हणाला, साहेबांना काय झालंय? मामी म्हणाल्या, ‘सिमेंटाचा नाव काढलंस?’

खालच्या बॉम जीझसच्या चर्चवर तर त्यांचा वेगळाच राग आहे. चर्चवर नव्हे, गेल्या शतकाच्या मध्याला त्याच्या बाहेरचा चुन्याचा गिलावा काढून टाकणाऱ्यांवर. जुनंपण उठून दिसावं म्हणून लाल जांभा उघडा केला. लोकांना तो लाल रंग भारी आवडतो, दर पोस्टकार्डावर तोच. या पावसात गिलाव्याशिवाय जांभा उभा करणं म्हणजे काय, हे अण्णा त्या पोस्टकार्डाकडे बघत सांगतात आणि शेवटी पोस्टकार्ड उलटं करून ठेवतात.

त्यांची पोथी म्हणजे जॉन मार्शलचं १९२३ सालचं संवर्धनाचं मॅन्युअल. ब्राऊन पेपरचं कव्हर, आत हळदीकुंकवाचा ठिपका; तो मामींनी लावला की यांनी, हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही. मार्शल हे खात्याचे महासंचालक होते, आणि त्यांचं सांगणं थोडक्यात असं की जुनं जसं आहे तसं राखा, नव्यानं सजवू नका. दुसरी पोथी १९६४ची व्हेनिसची सनद. तिच्यात दोन आज्ञा आहेत: जिथून अंदाज सुरू होतो तिथं जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नवीन घातलेला तुकडा एकूण रूपाशी जुळला तरी मुळापासून वेगळा ओळखू आला पाहिजे. अण्णा या आज्ञा कार्यालयातच ठेवून घरी आले असते तर मामींचा संसार सोपा झाला असता. पण मेव्हण्यानं केस काळे केले तेव्हा अण्णा भर मुंजीत म्हणाले, ‘रंगवायला हरकत नाही, पण मूळ आणि नवं वेगळं कळायला हवं.’ स्वतःचा पुढचा दात पडला तेव्हा दंतवैद्याला त्यांनी दाताचा जुना फोटो नेऊन दाखवला. पुरावा असल्याशिवाय पुनर्बांधणी नाही.

फोटोंचं तर विचारूच नका. दुरुस्तीच्या आधीचा, चालू असतानाचा आणि नंतरचा, असे तीन फोटो, आणि प्रत्येकात मोजमापासाठी काळ्यापांढऱ्या पट्ट्यांची काठी. ती सवय हाडात मुरली आहे. आमच्या मुलीच्या बारशाच्या फोटोत पाळण्याला टेकून ती काठी उभी आहे. पाळण्याची उंची कुणालाही काढता येईल.

स्वयंपाकघर आणि मागची पडवी यांच्यामधल्या भिंतीला अण्णांच्या घरी एक भेग आहे. दुसरा कुणी असता तर त्यानं गवंड्याला बोलावलं असतं. अण्णांनी भेगेच्या दोन्ही बाजू ब्रशनं साफ केल्या, दोन्हीकडे गिलाव्याची एकेक टिकली ठेवली, त्यांच्यावर भेग ओलांडून बोटभर लांबीची काचेची पट्टी आडवी बसवली आणि ओल्या गिलाव्यावर खिळ्यानं तारीख कोरली. काच फुटली तर भेग चालू आहे, नाही फुटली तर थांबली आहे. चालू भेग बुजवणं म्हणजे स्वतःची फसवणूक. ही काच कित्येक वर्षं तिथं होती आणि मामींना त्या भागात केरसुणी फिरवायची बंदी होती. मग एका मे महिन्यात काच फुटली. अण्णांनी पायाची तपासणी केली, शेजारच्या विहिरीच्या पाण्याची पातळी मोजली, पावसापूर्वी जमीन आकसते त्याचं गणित मांडलं आणि टिपण लिहायला घेतलं. अण्णा टिपणाच्या चौथ्या पानावर असताना नातवानं कबूल केलं, की चेंडू लागला होता. अण्णांनी टिपण फाडलं नाही. खाली लिहिलं, ‘कारण: बाह्य आघात.’

मठात त्यांची खरी लढाई माणसांशी होती. भिंतीवर नावं कोरणाऱ्यांना प्राचीन स्मारकांच्या १९५८च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, २०१०च्या दुरुस्तीनंतरचा हा आकडा अण्णा प्रेमिकांना थांबवून ऐकवत. प्रेम त्यानं कमी झालं नाही, पण कोरीवकाम झालं. लग्नाआधीचे फोटो काढायला जोडपी येत. फोटोग्राफर मुलीला लांबलचक झग्यात एखाद्या भिंतीच्या ठोकळ्यावर चढवायला लागला, की अण्णा प्रकट होत. ‘बाई, उतरा. ही भिंत चारशे वर्षांची आहे, तुमचं लग्न अजून व्हायचंय.’

पर्यटक विचारत, ‘काका, काम कधी पूर्ण होणार?’

‘पूर्ण झालंय.’

‘पण हे तर पडकंच आहे.’

‘तेच काम.’

अधूनमधून एखादा वजनदार पाहुणा येई आणि पुन्हा मूळच्यासारखं भव्य चर्च उभं करण्याची कल्पना मांडी. अण्णा नम्रपणे नकाशा मागत. कुठल्या सालचं मूळ? १६०२चं, १८३५चं, की काल दुपारचं? पाहुणा चहा घेऊन निघून जाई.

याच मठात जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष सापडले, ही गोष्ट जगभर गाजली. इराणच्या शाह अब्बासनं १६२४ साली शिराझमध्ये तिला हालहाल करून मारलं, ऑगस्टिनियन साधूंनी तिचे अवशेष १६२७ साली गोव्यात आणले. जुन्या पोर्तुगीज कागदांत जागेचा पत्ता होता, तो धरून खात्यानं उत्खनन केलं, हाड मिळालं, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेत डीएनए तपासला, आणि २०२१च्या जुलैत भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ते तिबिलीसीला जाऊन जॉर्जियाच्या हवाली केलं. अण्णांना या सगळ्याविषयी विचारलं, तर ते राणीविषयी दोन वाक्यं बोलतात आणि मग कागदांत पत्ता म्हणून सांगितलेल्या खिडकीवर येतात. तिची वरची पट्टी कशी होती, तिथं पाणी कुठून उतरत होतं, माथा कसा बंद करायला हवा. एक राणी चारशे वर्षांनी घरी गेली आणि या गृहस्थाला खिडकीची काळजी.

एकदाच मी अण्णांना निरुत्तर झालेलं पाहिलं. त्यांच्या गावच्या ग्रामदेवतेच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला. जांभ्याच्या भिंती, लाकडी खांब, उतरतं कौलारू छप्पर. समितीला स्लॅब, ग्रॅनाइट आणि चकचकीत फरशी हवी होती. देणगीदार मुंबईचे, त्यांना पैसे दिसायला हवे होते. अण्णा सभेला मार्शल घेऊन गेले. तासभर बोलले. खांब का बदलायचे नाहीत, कौलं कशी उतरवून पुन्हा चढवता येतात, गर्भगृहाच्या भिंतीला स्लॅबचा भार का सोसणार नाही. सगळं मुद्देसूद. समितीचे अध्यक्ष, सुपारीचे बागायतदार, शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, ‘अण्णा, तुमचो मठ अठराशे पस्तिसात रिकामो झालो. आमचो देव अजून हंयच रवता. त्येका गळता घर देवचा?’

अण्णा गप्प बसले. कारण हा प्रश्न मार्शलनाही पडला होता. ज्या वास्तूत पूजाअर्चा चालू आहे तिथं अवशेषाचे नियम जसेच्या तसे चालत नाहीत, हे त्या मॅन्युअलच्या कर्त्यालाही ठाऊक होतं. माझं मत विचाराल तर दोघंही निम्मे निम्मे बरोबर होते: देवाला गळकं घर देऊ नये हे खरं, आणि गळती थांबवायला ग्रॅनाइट लागत नाही हेही खरं. पण सभा निम्म्यावर कधी संपत नाहीत. स्लॅब पडला. अण्णांच्या शब्दाला मान म्हणून जांभ्याची एक जुनी भिंत तेवढी राखली. तिच्यासमोर आता ध्वनिक्षेपकाची कपाटं आहेत. जत्रेला गेले की अण्णा कपाट थोडं सरकवून तिच्यावर हात ठेवतात आणि ओल तपासतात. पहिल्याच पावसात नवा स्लॅब गळला, तेव्हा अध्यक्षांचा फोन आला होता. अण्णा ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणाले नाहीत. ‘पाणी वरून येतंय,’ एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गेले.

एवढ्या नोकरीत अण्णांना बढती फारशी मिळाली नाही आणि त्यांच्या नावाची पाटी कुठंही नाही. असणारही नाही, कारण या कामात यश आलं याचा पुरावा म्हणजे काहीच न घडणं. त्यांच्या कारकिर्दीत मठाचं काही मोठं पडलं नाही. ज्या वर्षी मनोरा पडेल त्या वर्षी बातमी होईल; तो उभा राहिला त्या कुठल्याच वर्षाची झाली नाही.

जुन्या गोव्याला गेलात तर बॉम जीझस आणि से कथेद्रल बघून परत फिरू नका, चढ चढून मोंते सांतोवर जा. भिंतींवर चढू नका, वर बघा. माथ्यांवर फिकट चुन्याचा जो थर दिसेल तो नवा आहे आणि तो नवा दिसावा असाच ठेवलेला आहे. कुणी म्हातारा गृहस्थ तुम्हाला सोडून खिडकीशी बोलताना दिसला तर त्याला सिमेंटविषयी काही विचारू नका. आणि पावसाळ्यात गेलात तर छत्री न्या. छप्पर १८४२ सालीच गेलेलं आहे.